जोडीदाराला रोजच्या शास्त्रवाचनाची गोडी लावताना या चुका टाळा

अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांतून ख्रिस्ती मंडळीच्या महिला संघाच्या सभा घेत फिरताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "ताई, मी रोज पवित्र शास्त्र (बायबल) वाचते, पण आमच्या घरचे पुस्तकाला हात लावत नाहीत, काय करावे?" पुरुषही हेच विचारतात, मात्र ते सभा संपल्यावर, एकटे गाठून विचारतात. विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते, याविषयी मला शंका नाही. पण घरात आतापर्यंत काय काय करून पाहिले, असे विचारले की त्याच त्या चुका पुढे येतात, आणि त्या पुन्हा पुन्हा ऐकून आता त्या लिहून काढल्याच पाहिजेत असे मला वाटू लागले आहे. जोडीदाराच्या अश्रद्धेवर खापर फोडण्याआधी आपण त्याला वचनाकडे कोणत्या रीतीने बोलावले, हे प्रत्येकाने तपासावे.

प्रार्थनेची विनंती म्हणून घरची तक्रार मांडू नका

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, कारण ती भक्तीच्या रूपात येते. एका गावात रविवारच्या उपासनेत प्रार्थनेच्या विनंत्या घेण्याची वेळ झाली, तेव्हा एक बहीण उभी राहिली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, की माझ्या मालकांसाठी प्रार्थना करा, ते वर्षानुवर्षे मंडळीत येतात पण घरी शास्त्र उघडत नाहीत. मालक त्याच खोलीत, मागच्या ओळीत बसलेले होते. लहान गावात अशी गोष्ट देवळाच्या दारात थांबत नाही. संध्याकाळी पानठेल्यावर कोणीतरी त्यांना विचारलेच, "काय भाऊ, तुमच्या बाईनं आज तुमच्यासाठी प्रार्थना मागितली म्हणते?" त्यानंतर तो माणूस उपासनेला यायचाच बंद झाला. उन्हाळा गेला, पेरणी आटोपली, डवरणी झाली, तरी त्यांची जागा रिकामीच होती.

पुढे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आणि मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा चहा झाल्यावर बऱ्याच वेळाने ते बोलले : "मले वाचता येते, पण अडकत अडकत येते. हे मी तिलेही कधी सांगतलं नोतं." शाळा लहानपणीच सुटलेली, त्यानंतर हाती लागला तो सातबारा आणि बियाण्याची पावती. शास्त्राच्या बारीक अक्षरांतली दाट ओळ बोट धरून वाचावी लागते आणि ते बायको-पोरांनी पाहू नये, एवढ्यासाठी हा माणूस पुस्तकापासून दूर राहिला होता. ज्याला सगळे उदासीनता समजत होते, ती लाज होती.

आम्ही त्यांच्या मोबाईलवर मराठी शास्त्राचे ध्वनिमुद्रित वाचन उतरवून दिले. ते मोफत मिळते आणि एकदा उतरवले की शेतात नेटवर्क नसले तरी ऐकता येते. हरभऱ्याला पाणी देण्यासाठी वीज रात्रीची येत असे, त्यामुळे मोटर सुरू करून धुऱ्यावर बसलेल्या त्या वेळेत ते मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा वृत्तान्त, ऐकू लागले. बायकोला मी एकच गोष्ट निक्षून सांगितली होती, की किती ऐकले, काय ऐकले, हे विचारायचे नाही. तिला ते फार जड गेले, पण तिने पाळले. काही आठवड्यांनी त्यांनीच तिला विचारले, की चौथ्या अध्यायात वादळ चालू असताना शिष्य घाबरले हे समजते, पण वादळ शांत झाल्यावर ते अधिकच का घाबरले? तिच्याजवळ उत्तर नव्हते. दोघांनी दिव्याखाली पुस्तक उघडून तो भाग शोधला आणि त्या घरातले एकत्र वाचन तिथून सुरू झाले.

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी, वचन न मानणारे पती पत्नीच्या वागणुकीने, शब्दावाचून जिंकले जावेत, असे लिहिले आहे. दाराआड, एकांतात प्रार्थना करण्याची शिकवण तर प्रभू येशूंनीच दिली आहे. तरीही कोणाजवळ मन मोकळे करायचेच असेल, तर पोटात गोष्ट ठेवणाऱ्या एकाच माणसाजवळ करावे. पाळकांजवळ केले तरी जोडीदाराचे नाव भर सभेत घेऊ नये, असे त्यांनाही आधी सांगावे.

१ जानेवारीची वार्षिक योजना जोडीदाराच्या हाती देऊ नका

वर्षभरात संपूर्ण शास्त्र वाचण्याचा तक्ता नाताळच्या सुमारास मंडळ्यांमधून वाटला जातो, आणि उत्साही पती किंवा पत्नी तो घरी आणून भिंतीला चिकटवते. ज्याला वाचनाची सवय आहे त्याच्यासाठी तो तक्ता उत्तम आहे. ज्याने अजून सुरुवातही केलेली नाही त्याच्यासाठी तो जवळजवळ नेहमीच वाचन सुटण्याचे कारण ठरतो, आणि याचे गणित सोपे आहे. शास्त्रात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे दिवसाला तीनहून थोडे अधिक अध्याय. उत्पत्ति या पहिल्या पुस्तकाचे ५० अध्याय गोष्टींच्या ओघात निघून जातात आणि निर्गमाचा पहिला अर्धा भागही धरून ठेवतो. पण पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापे, फळ्या, पडदे आणि कड्या सुरू होतात, शेवटच्या अध्यायांत त्यांचाच बराचसा भाग पुन्हा येतो, आणि त्याला लागून लेवीयच्या पुस्तकातले होमबली, अन्नबली आणि पापबली यांचे नियम येतात. तक्त्याप्रमाणे चालणारा नवा वाचक या भागात जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पोहोचतो. तेव्हा आपल्याकडे कापसाची वेचणी पुरती संपलेली नसते, तूर घरात यायची असते आणि रात्री हरभऱ्याला पाणी द्यायचे असते. दिवसभर वेचणी करून आलेल्या बाईने चुलीजवळ बसून याजकाच्या एफोद नावाच्या वस्त्राचे वर्णन वाचावे आणि त्यातून तिला उद्याची ओढ लागावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ते अध्याय कमी पवित्र आहेत असे माझे म्हणणे नाही; त्यांची वेळ नंतर येते, एवढेच मी सांगते.

तक्त्याचा दुसरा दोष असा, की तो मागे पडलेल्याला रोज नवी थकबाकी दाखवतो. चार दिवस चुकले की तेरा अध्याय अंगावर येतात, आणि मग माणूस पुस्तकाबरोबर तक्ता आणणाऱ्यालाही टाळू लागतो. घाई करणाऱ्या मंडळींना माझे हे सांगणे आवडत नाही. एका वर्षात सगळे संपवल्याची साक्ष त्यांना नववर्षाच्या उपासनेत द्यायची असते, आणि त्या साक्षीसाठी घरातल्या दुसऱ्या माणसाचा दम निघतो.

मी सुरुवात मार्कापासून करवते. अध्याय सोळाच आहेत, आणि नव्या वाचकासाठी मी अर्धा अध्यायसुद्धा घेत नाही; छापील प्रतीत जिथे एक मथळा संपून दुसरा सुरू होतो, तिथे थांबते. त्यानंतर रूथ. चारच अध्यायांचे हे पुस्तक आपल्या भागातल्या बाईला समजावून सांगावे लागत नाही, कारण दुसऱ्याच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचत जाणारी, संध्याकाळी वेचलेले झोडून मोजणारी आणि ते सासूसाठी घरी नेणारी ती विधवा सून तिने पाहिलेली असते, कधी ती स्वतःच तशी राबलेली असते. महिला संघात मी रूथचा दुसरा अध्याय वाचते तेव्हा वाचन मध्येच थांबवून बाया बोलू लागतात, आणि मी त्यांना बोलू देते. रूथनंतर १२१ वे, २३ वे अशी लहान स्तोत्रे घ्यावीत, मग लूक. उत्पत्ति त्यानंतर यावे.

भाषा अडत असेल तर सोपे भाषांतर घ्यावे, आणि त्यात कमीपणा मानू नये. जुन्या प्रतीवर आईवडिलांचे हात फिरलेले असतात, तिच्याविषयी माया असते, हे मला समजते. पण पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची अखेरची वर्षे शास्त्राच्या भाषांतराला दिली, ती साध्या, कमी शिकलेल्या बायांना वचन आपले आपण वाचता यावे म्हणूनच. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. ज्या अडचणीवर त्यांनी इतके कष्ट घेतले, ती अडचण आपल्या घरात असताना जड प्रतीचा हट्ट धरणे योग्य नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसासाठी मोठ्या अक्षरांची प्रत आणि गरज असल्यास चष्मा, हे आधी पाहावे.

वचनाची काठी करू नका

काही पती इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातले, पत्नीने पतीच्या अधीन राहावे असे सांगणारे, बाविसावे वचन पाठ म्हणतात आणि पंचविसाव्यापर्यंत पोहोचतच नाहीत, जिथे पतीला ख्रिस्ताप्रमाणे स्वतःला अर्पण करण्याची आज्ञा आहे. नीतिसूत्रांमधली भांडखोर बायकोची वचने बरोबर भांडणाच्या रात्री मोठ्याने वाचली जातात. बायकाही मागे नसतात. दारूविषयीचे वचन कोणाकडे पाहत वाचायचे हे त्यांना ठाऊक असते. ज्या पुस्तकातून आपल्याला रोज बोलणी बसतात ते पुस्तक कोणीही आपण होऊन उघडणार नाही. यावर माझी सवय अशी, की पुस्तक क्रमाने वाचायचे आणि आजचा भाग काल जिथे थांबलो तिथूनच घ्यायचा. निवड हातात राहिली नाही म्हणजे नेम धरताही येत नाही. भांडण झालेल्या दिवशीही तोच क्रम चालू ठेवावा आणि वाचलेल्या भागावर त्या दिवशी काहीही बोलू नये.

याच सदरातली एक गोष्ट मला वेगळी सांगायची आहे. पत्नीला वाचायला वेळ होत नाही अशी तक्रार करणारे पुरुष लूकच्या दहाव्या अध्यायातल्या, प्रभूंचे ऐकत बसण्याऐवजी घरकामात गुंतलेल्या मार्थेचे उदाहरण देतात, आणि ते देताना स्वतः बाजेवर बसलेले असतात. पहाटे उठून स्वयंपाक, मग मजुरीला किंवा घरच्या शेतात निंदण, परत आल्यावर पाणी, जनावरे, पुन्हा चूल, असा जिचा दिवस आहे, तिने वाचावे असे खरोखर वाटत असेल तर तिचे एक काम रोज आपल्या अंगावर घ्यावे. पाणी भरावे, भांडी घासावीत, पोरांना झोपवावे. मार्थेची बहीण मरीया प्रभूंच्या चरणाशी बसू शकली, तशी घरातली बाई बसावी यासाठी कोणीतरी चुलीजवळ उठून गेले पाहिजे. हे ऐकून काही भाऊ नाराज होतात. ज्यांनी केले त्यांच्या घरी वाचन टिकले आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. जोडीदाराला पहाटे पाचला हलवून उठवू नये. संध्याकाळच्या जेवणानंतरचा निवांतपणा त्याला सोयीचा असेल तर तीच वेळ धरावी. शेजारच्या बहिणीचे किंवा पाळकांच्या घराचे उदाहरण देऊ नये. त्याच्यासाठी म्हणून मोबाईलच्या स्टेटसवर वचने ठेवू नयेत. ती आधी नातेवाईक वाचतात. वाचून झाल्यावर काय समजले अशी परीक्षा घेऊ नये. मुलांमार्फत निरोप पाठवणे तर पूर्णपणे बंद करावे.

जोडीदार दुसऱ्या धर्मातून या घरात आलेला असेल आणि त्याला वाचायचे नसेल, तर त्याचा नकार मानावा. आपण आपले वाचन त्याच घरात, लपवाछपवी न करता आणि दिखावा न करता करावे, आणि त्याने काही विचारले तर विचारले तेवढेच सांगावे. दबावाने केलेल्या वाचनाला मी वाचन म्हणत नाही.

खंड पडणारच आहे, विशेषतः मृगाचा पाऊस पडून पेरणीची धांदल उडते तेव्हा आणि वेचणीच्या दिवसांत. त्या दिवसांत मी भाग आणखी लहान करते. स्तोत्रसंहितेतले ११७ वे स्तोत्र दोनच वचनांचे आहे, ते शिदोरी बांधता बांधताही म्हणून होते. तेवढेही न झाल्यास सुटलेले अध्याय भरून काढण्याच्या मागे लागू नये आणि किती दिवस चुकले हे जोडीदाराला मोजून दाखवू नये. पुस्तकात खूण जिथे असेल तिथून, ज्या दिवशी दोघे बसतील त्या दिवशी, पुढचा मथळा वाचावा.