डीव्हीआरचा पासवर्ड कुणाकडे आहे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या कारखान्यांची नेटवर्कची कामं मी करते. डीव्हीआर म्हणजे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा. नवीन एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) घेताना मालकांना माझा पहिला प्रश्न हाच असतो. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "कॅमेरे बसवणाऱ्याकडे असेल." गेटवर वॉचमन ठेवलाय, आणि आतलं सगळं बघायची सोय मात्र भलत्याच माणसाच्या हातात. तेव्हा आधी तो पासवर्ड मागून घ्या आणि लगेच बदला. डीव्हीआरच्या यूजर यादीत अनोळखी नावं दिसली तर तीही काढा.

डीव्हीआर, कॅमेरा, हजेरीचं मशीन, प्रिंटर हे सगळे छोटे कॉम्प्युटरच आहेत. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या मालवेअरनं (घातक सॉफ्टवेअरनं) कंपनीतून येणारे साठेक ठरावीक यूजरनेम-पासवर्ड वापरून बघत जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले. '८८८८८८' हा पासवर्डसुद्धा त्या यादीत होता. २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या जोरावर वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या 'डाइन' (Dyn) कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येकांना उघडेनात. डीव्हीआर रीस्टार्ट केला की मिराय मेमरीतून जायचा, पण पासवर्ड तोच राहिला तर थोड्याच वेळात पुन्हा हजर.

"आमच्या कॅमेऱ्यात बघण्यासारखं काय आहे?" असं कुणी म्हणालं की मी राजकोटचं सांगते. तिथल्या एका प्रसूती रुग्णालयात महिलांच्या तपासणीचं चित्रण चोरलं गेलं आणि ते टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झालं. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुणही होते. त्या बायका तपासणीला आल्या होत्या, एवढंच. तुमच्या पॅकिंग विभागात, कँटीनमध्येही बायका काम करतात. त्यांची जबाबदारी तुमचीच.

आता एक तपासणी आजच करा. कारखान्याच्या वायफायवरून आपला पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवर दिसणारा कारखान्याचा पत्ता, 'what is my IP' असं शोधून बघून ठेवा. मग मोबाइलचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर ब्राउझरमध्ये तो आयपी टाका. डीव्हीआरचा पोर्ट (आत यायच्या दाराचा नंबर) बदललेला असेल तर आयपीनंतर ':' देऊन तोही टाका. डीव्हीआरचं लॉगिन पान उघडलं, तर ते साऱ्या जगाला उघडं आहे. राऊटरमध्ये जाऊन पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत वाट देणाऱ्या) नोंदी काढून टाका, अशा वाटा आपोआप उघडू देणारी यूपीएनपी ही सोय बंद करा. घरून कॅमेरे बघायचे असतील तर व्हीपीएन, म्हणजे कारखान्याच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित खासगी वाट, लावून घ्या. राऊटरचा स्वतःचा अ‍ॅडमिन पासवर्डही बदला, तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो.

दुसरं मोठं काम म्हणजे टॅलीचा कॉम्प्युटर आणि कॅमेरे वेगळे करणं. बरेच जण गेस्ट वायफाय चालू करून समाधान मानतात, पण डीव्हीआर वायरवर असतो, त्याला गेस्ट वायफायचा काही उपयोग नाही. त्यासाठी व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगवेगळे कप्पे) चालणारा स्विच आणि राऊटर लागतो. व्हीलॅन करून एकमेकांतली वाट बंद केली की कॅमेऱ्यात शिरलेला माणूस बिलांपर्यंत सहज पोचत नाही. चार पैसे खर्च करायचेच असतील तर इथं करा.

हजेरी मशीनचं मेनू बटण दाबून बघा. बोट किंवा पिन न विचारता मेनू उघडला, तर अ‍ॅडमिन नेमलेलाच नाही आणि कुणीही कामगारांची नोंद पुसू शकतो. स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकणाऱ्या प्रिंटरमध्ये विंडोजचा पासवर्ड साठवलेला असतो, म्हणून त्याला वेगळं, मर्यादित हक्कांचं खातं द्या. फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) कंपनीच्या साइटवरूनच घ्या, मॉडेल नंबर जुळवून. अपडेट येणंच बंद झालं असेल तर ते उपकरण इंटरनेटवरून काढा. नवे कॅमेरे घेताना एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेची चाचणी झाली आहे का, ते विचारा. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी सुरक्षेचे निकष सक्तीचे आहेत.

आणि संशय आलाच, तर घाईनं रीसेट मारू नका, पुरावा जातो. आधी नेटवर्कची वायर काढा, डीव्हीआरच्या लॉगचे (कोण कधी आत आलं त्या नोंदींचे) मोबाइलवर फोटो घ्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशा उपकरणांवरचा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कंपन्यांनी त्या संस्थेला कळवायचा असतो, म्हणून वायर काढली ती वेळ लिहून ठेवा.