जुना सॅक्सोफोन दुरुस्तीला देताना: बडोदेकरांसाठी

माझ्याकडे मामेसासऱ्यांचा, कॉन या अमेरिकन कंपनीचा आल्टो सॅक्सोफोन आहे. गणपतीत दांडिया बाजारातल्या मंडळांत मी तो वाजवते, त्यामुळे "कुठे दुरुस्त करतेस गं?" हा प्रश्न दर वर्षी येतो. दुकानाचं नाव सांगून भागत नाही, कारण कारागीर आज इथे असतो, उद्या सुरतेला. माणूस पारखायचा कसा, तेवढं सांगते.

आधी वाद्य बघा. मागच्या बाजूला, अंगठा अडकवायच्या आकड्याजवळ नंबर असतो. जुन्या अमेरिकन वाद्यांवर तिथेच बहुधा एल किंवा एच असं अक्षर कोरलेलं सापडतं. एल म्हणजे आजची पट्टी, 440 हर्ट्झची. एच म्हणजे जुनी उंच पट्टी, साधारण 457. ते कीबोर्डशी कधीच जुळायचं नाही, कितीही पैसे ओता. ते सरळ कपाटात मांडा.

आता माणूस. रावपुऱ्यातल्या गिटार-तबल्याच्या दुकानात विचारलंत तर "ठेवून जा, होईल" म्हणतील आणि वाद्य तिसऱ्याच कोणाकडे जाईल, मधला नफा तुमच्या खिशातून. त्यापेक्षा वाजवणाऱ्यांना विचारा. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला सगळ्यात उपयोगी, कारण त्याच्याही वाद्याला पॅड, म्हणजे भोकं झाकणाऱ्या गाद्या, असतात आणि ते गळायला लागले की त्याची रोजी बुडते. पोलीस बँडमधले निवृत्त वादक, चर्चमध्ये वाजवणारे, हेही चालतील. फक्त लग्नसराईत जाऊ नका. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत कमुरता असतो, गुजरातेत लग्नं थांबतात. तेव्हा उस्तादजी निवांत भेटतात, चहासुद्धा तेच पाजतात.

पहिल्या भेटीत भाव विचारू नका. वाद्य हातात द्या आणि गप्प बसून बघा. जाणता माणूस आधी नेक, म्हणजे तोंडाकडची वाकडी नळी, काढून सांधा हलवून बघेल, मग एलईडीची बारीक पट्टी नळीत सोडेल, खोलीतला दिवा घालवेल आणि एकेक चावी हलक्या हाताने दाबत जाईल. पॅडच्या कडेने उजेडाची रेघ दिसली की तिथे हवा गळते. कोणी दिव्याऐवजी सिगारेटचा कागद पॅडखाली धरून ओढून बघतात, तेही ठीक. पण आल्या आल्या "मॅडम, पॉलिश करून नव्यासारखा करून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. मूळ लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत थर, घासून नवा चढवला की जुन्या वाद्याची किंमत उतरते, आणि सूर तर सुधारत नाहीच.

कॉनवाल्यांसाठी एक खास गोष्ट. 1947 च्या सुमारापर्यंतच्या बऱ्याच कॉनमध्ये भोकांच्या कडा बाहेर गोल वळवलेल्या आहेत. पॅड नीट बसावा म्हणून कानस चालवून त्या सपाट करणारे आहेत, आणि गेलेली कडा परत येत नाही. बँडवाल्यांची वाद्यं बहुतेक मेरठच्या जली कोठी या वाद्यं बनवणाऱ्या वस्तीतली, त्यावर हात बसलेल्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही. म्हणून विचारा: "कडेला हात न लावता पॅड बसवाल?" आणि पॅड लाखेने चिकटवतात का, हेही. लाख तापवून पॅड पुन्हा सरकवता येतो, झटपट गोंदाने तो कायमचा वाकडा बसतो.

खर्च आवरायचा तर सगळे पॅड बदलायचा हट्ट नको. आल्टोला पंचवीसच्या आसपास पॅड असतात. बऱ्याचदा वरचे दोन-चार आणि जी शार्पचा, तेवढेच बदलून काम निघतं. बाकी कॉर्क, एखादी मोडलेली स्प्रिंग. पॅडचे, मजुरीचे आणि पोचे काढायचे पैसे वेगवेगळे लिहून घ्या. काढलेले सुटे भाग परत मागा. नव्या माणसाला आधी नेकचा कॉर्कच बदलायला द्या, त्यातच हात कळतो.

नळीच वाकली असेल तर मुंबई गाठा. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोवेकर वादकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवलंय, त्यांची वाद्यं सांभाळणारे हात तिथे तयार झाले. कुरिअर नको. सकाळच्या गाडीने पेटी मांडीवर घेऊन जा.

परत घेताना तिथेच वाजवा: सगळ्यात खालचा सूर, बी फ्लॅट, अगदी हळू फुंकून. जोर लावल्यावरच निघत असेल तर पैसे देण्याआधी दिवा पुन्हा आत सोडायला सांगा.