वर्कशॉपला कपॅसिटर बसवताना: किती केव्हीएआर, कुठे, आणि कधी नाही

शेजारच्या युनिटने 25 केव्हीएआरचा (केव्हीएआर म्हणजे कपॅसिटर किती रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर देतो त्याचे माप) कपॅसिटर लावला म्हणून आपणही तेवढाच लावायचा, हा हिशेब चुकतो. आधी मोजा. लेथ, कंप्रेसर रोजच्यासारखे चालू असताना मेन पॅनेलवर किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या एकूण पॉवरपैकी खरी कामाला लागणारी किती, त्याचे प्रमाण; कपॅसिटर ते 1 च्या जवळ नेतो) दोन्ही टिपा.

समजा लोड 20 किलोवॅट, पॉवर फॅक्टर 0.75 आणि तो 0.98 वर न्यायचा आहे. पॉवर फॅक्टर म्हणजे व्होल्टेज आणि करंटमधल्या कोनाचा कोसाइन; या दोन कोनांचे टॅन अनुक्रमे 0.88 आणि 0.20. फरक 0.68 गुणिले 20, म्हणजे 13.6 केव्हीएआर. 415 व्होल्टला करंट 37 अँपिअरवरून 28 वर येतो, मेन केबलमधला लॉस सुमारे 40 टक्क्यांनी घटतो. पण ही घट कपॅसिटरच्या अलीकडे, पुरवठ्याच्या बाजूलाच होते. मोटर आणि तिची वायर पूर्वीइतकाच करंट घेतात.

440 व्होल्टचा 15 केव्हीएआर कपॅसिटर 415 ला 13.3 च देतो, त्यामुळे इथे 15 चाच घ्या. लोड दिवसभर वर-खाली होत असेल तर एकच मोठा कपॅसिटर नको. जेवणाच्या सुट्टीत लोड कमी असतो, कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त होतो आणि पॉवर फॅक्टर लीडिंगला (उलट बाजूला) जातो. 2.5, 5 आणि 7.5 च्या स्टेप्स करून एपीएफसी रिले (लोडप्रमाणे स्टेप्स आपोआप जोडणारा-काढणारा) लावा. स्टेप्स जोडणारे कॉन्टॅक्टर (स्विच) कपॅसिटर ड्युटीचेच हवेत, नाहीतर सुरुवातीच्या करंटच्या धक्क्याने पॉइंट चिकटतात.

सगळ्यात जास्त घोळ सीटीचा (रिलेला करंट दाखवणारा करंट ट्रान्सफॉर्मर). सीटी इनकमरवर (मुख्य येणाऱ्या केबलवर), लोड आणि कपॅसिटर दोन्हींच्या आधी हवी. फक्त लोडच्या केबलवर बसवली तर रिलेला कपॅसिटरचा करंट दिसतच नाही. पॉवर फॅक्टर सुधारला तरी रिले स्टेप्स टाकतच राहतो.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय) किंवा एलईडी ड्रायव्हर जास्त असतील तर साधा कपॅसिटर लावू नका. हार्मोनिक्समुळे (50 हर्ट्झच्या पटीतल्या करंटमुळे) रेझोनन्स होऊन, म्हणजे करंट खूप वाढून, कपॅसिटरचा डबा फुगतो. तिथे कपॅसिटरच्या सिरीजमध्ये 7 टक्के रिअ‍ॅक्टर (हार्मोनिक्स अडवणारी कॉइल) लागतो, आणि त्यामुळे कपॅसिटरवरचे व्होल्टेज 446 पर्यंत चढते, म्हणून कपॅसिटर 480 किंवा 525 व्होल्टचा. व्हीएफडीच्या आउटपुटवर तर कपॅसिटर कधीच जोडू नका.

दर तीन महिन्यांनी क्लॅम्प मीटर लावा: वरच्या 15 च्या कपॅसिटरला, रिअ‍ॅक्टर नसताना, प्रत्येक फेजला साधारण 18.5 अँपिअर दिसायला हवेत. एखाद्या फेजला 12-13 दिसले तर आधी फ्यूज आणि टर्मिनल बघा. ते ठीक असतील तर कपॅसिटर बदला. पुरवठा बंद करून पाच मिनिटे थांबा, टर्मिनल मीटरने तपासा, मगच हात लावा. डिस्चार्ज रेझिस्टर तुटलेला असू शकतो.