टॅक्टिकल आरपीजीमधली कॅरेक्टर्स कशी लिहायची: रामशेज किल्ल्याच्या मॅपवर एक प्रयोग

नाशिकमधल्या ज्या पोरापोरींना स्वतःचा टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी गेम, म्हणजे आळीपाळीने चाली करत आपली माणसं लढवायचा टॅक्टिकल आरपीजी, बनवायचाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. चौकटींचा मॅप, टर्न, अटॅकचा हिशोब हे सगळं आता शिकता येतं, गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, एसआरपीजी स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये तर बरंचसं तयारच मिळतं. गाडी अडते ती गोष्टीपाशी. मग काय करतात, तर प्रत्येक कॅरेक्टरचा जन्मापासूनचा इतिहास लिहून काढतात, पानंच्या पानं, आणि त्यातलं गेममध्ये काहीच दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या प्रकारच्या गेममध्ये माणूस आधी चौकटीवर दिसतो, तो कुठे उभा राहतो, कोणाशेजारी राहतो, कोणासाठी मार खातो यात, आणि डायलॉग त्याच्या मागून येतात. लिहायला बसताना हाच क्रम ठेवा.

पहिली अडचण मरणाची. फायर एम्ब्लेम या गेममालिकेत 1990 च्या पहिल्या गेमपासून युनिट, म्हणजे मॅपवर लढणारं कॅरेक्टर, मेलं की गेलं, परत येत नाही. त्यामुळेच तर जीव लागतो, पण लिहिणाऱ्याची पंचाईत होते, कारण सातव्या चॅप्टरमध्ये जिच्या तोंडी महत्त्वाचं वाक्य आहे ती तिसऱ्यातच मेलेली असू शकते. फायनल फँटसी टॅक्टिक्स बघा, 1997 चा, गोष्ट म्हणून आजही या प्रकारातला सगळ्यात भारी लिहिलेला गेम मानते मी, पण त्यातसुद्धा आग्रियास, मुस्तादियो ही माणसं तुमच्या टीममध्ये आली की मुख्य कथेत जवळजवळ गप्प होतात. मेलेली असतील तर बोलणार कशी? 2025 च्या नव्या आवृत्तीत त्यांना जास्तीचे संवाद दिले ते त्यासाठीच बरं वाटलं.

तुम्ही काय करायचं, तर स्क्रिप्ट शीटमध्ये लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे एक कॉलम ठेवा, "हा मेला असेल तर कोण बोलणार". दोन-तीन माणसं गोष्टीचा कणा असतात, ती पडली तर गेम ओव्हर करा किंवा जखमी होऊन मागे हटली असं दाखवा, फायर एम्ब्लेममध्ये असं बऱ्याचदा करतात. बाकीच्यांच्या बाबतीत वाक्य माणसाला न देता कामाला द्या, म्हणजे "जिवंत असलेल्यांपैकी सगळ्यात जुना तिरंदाज हे बोलेल" असं. कंटाळवाणं काम आहे पण याला शॉर्टकट नाही.

आता स्टॅट्स, म्हणजे ताकद, बचाव असे कॅरेक्टरचे आकडे. स्टॅट्स हे कोडिंगवाल्याचं काम आणि डायलॉग हे रायटरचं काम अशी वाटणी करू नका, इथेच सगळं बिघडतं. वाल्किरिया क्रॉनिकल्स (2008) मध्ये तुकडीतल्या साध्या साध्या शिपायांना सुद्धा स्वतःच्या खोडी आहेत, कोणाला परागकणांची अॅलर्जी म्हणून गवतात उभं केलं की त्रास होतो, कोणाला एखाद्या जमातीबद्दल द्वेष म्हणून त्या जमातीचा साथीदार शेजारी आला की कामगिरी घसरते. त्या शिपायाला कथेत फारसे संवाद नसतात तरी तो लक्षात राहतो, कारण त्याच्या स्वभावाची किंमत खेळणारा स्वतः मॅपवर मोजतो. तुमच्या प्रत्येक कॅरेक्टरला असे दोन नियम द्या, एक फायद्याचा, एक तोट्याचा, आणि दोन्ही एकाच स्वभावातून आले पाहिजेत. हट्टी माणूस जागा सोडत नाही म्हणून त्याचा बचाव वाढतो, आणि त्याच हट्टापायी माघारीचा हुकूम तो एक टर्न उशिरा ऐकतो. बस, एवढ्यात माणूस उभा राहतो.

हे सगळं हवेत नको म्हणून आपला रामशेज घेऊ. पेठ रोडने आशेवाडीला जा आणि एकदा वर चढून या, वही घेऊन, पाण्याची टाकी कुठे, चढ कुठून, लपायला आडोसा कुठे हे चौकटींवर काढा. 1682 ला औरंगजेबाने शहाबुद्दीन खानाला या किल्ल्यावर पाठवलं, लवकर हातात येईल असं वाटलेलं, आणि हा एवढासा किल्ला कित्येक वर्षं लढत राहिला. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या तेव्हा लाकडाच्या नळ्यांवर कातडं चढवून तोफा केल्या असं सांगतात, आणि खालून मुघलांनी वर मारा करायला उंच लाकडी दमदमा म्हणजे मनोरा उभारला. टॅक्टिकल गेमला यापेक्षा चांगला मॅप शोधून सापडणार नाही.

सगळे इथे सरळ किल्लेदार लिहायला जातात. नका जाऊ. त्या लाकडी तोफेमागे कोण असेल ते बघा. लाकूड कोरणारा एक सुतार, आणि कातडं कमावून ते चढवणारा दुसरा, दोघांशिवाय तोफ होत नाही. ही दोन माणसं आपली, मनाने रचलेली, समजा नावं ठेवली धोंडू आणि भिवा. गेमचा नियम असा की दोनदा बार काढला की नळीवरचं कातडं बदलावंच लागतं, त्यासाठी दोघं शेजारच्या चौकटीत हवेत. आणि धोंडू भिवाच्या हातातून काही घेत नाही. भिवाने कातडं खाली ठेवायचं, मग धोंडूने उचलायचं. यात एक टर्न जास्त जातो. शिवाशिव या मॅपवर एक टर्न खाते, आणि तो टर्न दमदम्यावरून मारा चालू असताना जातो, त्यावर भाषण लिहायची गरजच उरत नाही.

आता सपोर्ट संवाद. फायर एम्ब्लेममध्ये ही पद्धत 2002 च्या द बाइंडिंग ब्लेडमध्ये आली, दोन युनिट टर्न संपताना शेजारी राहिली की नातं वाढतं आणि सी, बी, ए असे तीन संवाद उघडतात. पुढच्याच गेममध्ये एका खेपेत एका माणसाला पाचच संवाद मिळायचे, त्यामुळे कोणाशी बोलायचं ते निवडावं लागायचं. तुम्हीही मर्यादा ठेवा, सगळ्यांचं सगळ्यांशी लिहीत बसलात तर पातळ होतं. सी म्हणजे ओळखपरेड नाही, हातातल्या कामावरून उडालेला खटका हवा:

"ठेव तिथं खाली. घेतो मी."
"खाली ओल हाये. कातडं भिजलं तर पहिल्याच बाराला नळी फुटंल."
"मग त्या धोंड्यावर ठेव."

बी मध्ये लढाईतलं काहीतरी यायला हवं, म्हणजे नळी खरंच फुटली आणि भिवाचा हात भाजला, आणि धोंडूला त्याबद्दल काय बोलावं ते सुचत नाही म्हणून तो नुसता लाकडाबद्दलच बोलत बसतो, कोणतं लाकूड तडकतं, कोणतं नाही. ए मध्ये एकच कृती. धोंडू हात पुढे करतो, "आण हिकडं." कातडं हातातून घेतो. आणि त्या क्षणापासून मॅपवर तो जास्तीचा टर्न लागत नाही. त्याला पश्चात्ताप झाला, आपण सगळे एक आहोत वगैरे एक अक्षर लिहू नका, खेळणाऱ्याला वाचलेला टर्न दिसतोय ना.

एक खोड मात्र टाळा, मोठमोठ्या गेममध्ये पण दिसते ती. एकाला खायची आवड, एकीला झोपेची, आणि मग ज्याच्याशी बोलतील त्याच्याशी तेच. तपासायला सोपं आहे, नावं झाकून संवाद वाचा, कोण बोलतंय ते कळलं पाहिजे आणि भिवा धोंडूशी बोलतो तसा किल्लेदाराशी बोलत नसला पाहिजे.

निवडीचे प्रसंग लिहिताना टॅक्टिक्स ओगर (1995) नक्की खेळा, 2022 ची रीबॉर्न आवृत्ती सहज मिळते. स्पॉयलर आहे, नको असेल तर हा पॅरा सोडा. पहिल्या चॅप्टरच्या शेवटी आपल्याच लोकांची कत्तल करून आळ शत्रूवर टाकायचा हुकूम येतो, आणि तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही, तुमचा जिवाभावाचा मित्र व्हाइस उलट बाजू घेतो. म्हणजे कुठलीही वाट धरली तरी समोर तुमच्या ओळखीचाच माणूस उभा. ट्रँगल स्ट्रॅटेजीमध्ये (2022) तर सोबतचेच तराजूवर मतं टाकतात आणि तुम्हाला त्यांना पटवावं लागतं. रामशेजवर असाच प्रश्न घालता येईल, खालच्या गावातली माणसं आसऱ्याला वर आली, टाकीत पाणी मोजकं, दार उघडायचं का? धोंडू हो म्हणेल की नाही हे तुम्हाला आत्ताच सांगता आलं पाहिजे, नाही आलं तर त्याच्यावर अजून काम बाकी आहे. आणि दमदमा बांधणाराही कोणीतरी सुतारच आहे हे विसरू नका, त्यालाही एक नाव आणि दोन वाक्यं द्या.

टेक्निकल बाजू थोडक्यात. मराठीत करणार असाल तर गोडो 4 घ्या, 3 मध्ये जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. फॉन्ट मुक्ता चालेल, फुकट आहे, फक्त डायलॉग बॉक्सची उंची वाढवा नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. लढाईच्या मधोमध एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त बोलू देऊ नका, खेळणारा पुढच्या चालीच्या विचारात असतो.

शेवटी कोणालातरी खेळायला बसवा आणि मागे उभं राहून गप्प बघा. "स्टोरी कशी वाटली" विचारलं की सगळे छान म्हणतात, त्यापेक्षा भिवा मेल्यावर त्याने मॅप परत सुरू केला का ते बघा, आणि टीममध्ये कोणाला ठेवलं, का ठेवलं ते विचारा. जीव ओतून लिहिलेलं युनिट कोणीच मैदानात उतरवत नसेल तर डायलॉगना हात लावू नका, त्याचा मॅपवरचा नियम कमजोर आहे, तो बदला, आणि त्याचा पहिला संवाद दुसऱ्या मॅपच्या आतच उघडेल असा पुढे ओढा.