प्रीस्टलींचे चरित्र बादली, पुदिना आणि उदबत्तीने कसे सांगावे

सोसायटीच्या सभागृहात शास्त्रज्ञाचे चरित्र सांगायचे म्हटले, की जन्म, शिक्षण, शोध आणि मृत्यू यांचा तक्ता भिंतीवर लागतो आणि मुले खिडकीबाहेर पाहू लागतात. जोसेफ प्रीस्टली (१७३३–१८०४) या इंग्रज धर्मोपदेशकाच्या बाबतीत तक्त्याची गरजच नाही, कारण त्यांचे बरेचसे काम पाण्याने भरलेले पात्र आणि त्यात उपडे घातलेले भांडे यांवर चालले होते.

तयारी दहा दिवस आधी सुरू करावी. काचेच्या दोन सारख्या बरण्या घ्याव्यात आणि पाण्याच्या परातीत पेटत्या मेणबत्तीवर एकेक उपडी घालून मेणबत्ती विझू द्यावी. त्यानंतर ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेल्या पुदिन्याची ताजी, मुळे असलेली काडी पाण्याखालून एका बरणीत सरकवावी. दुसरी बरणी तशीच ठेवावी. प्रीस्टलींनी १७ ऑगस्ट १७७१ रोजी अशीच काडी ठेवली आणि २७ तारखेला त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळाली. आपण मात्र ऑगस्ट टाळावा. ठाण्याच्या पावसाळी आभाळात झाडाला पुरेसे ऊन मिळत नाही, आणि या प्रयोगाला प्रकाश लागतो हे डच वैद्य यान इंगेनहाउझ यांनी १७७९ साली दाखवेपर्यंत खुद्द प्रीस्टलींचेही प्रयोग कधी साधत, कधी फसत. दिवाळीनंतरची, सकाळचे ऊन येणारी गॅलरी उत्तम. दहाव्या दिवशी पाण्याखालीच बरणीच्या तोंडावर ताटली धरून ती सुलटी करावी, तारेला बांधलेली वाढदिवसाची पेटती मेणबत्ती आत सोडावी आणि दोन्ही बरण्यांत ती किती सेकंद टिकते हे मोजावे. फरक थोडाच दिसेल. तो मुलांनाच मोजू द्यावा.

प्रत्यक्ष कार्यक्रमाची सुरुवात सोड्याने करावी. १७६७ साली लीड्स येथे प्रीस्टली बिअरच्या भट्टीशेजारी राहत असत आणि आंबणाऱ्या पिंपांवर साचणारा वायू (कार्बन डायऑक्साइड) पेटती काडी विझवतो, हे त्यांच्या लक्षात आले. तोच वायू मिळवण्यासाठी बाटलीत दोन चमचे खाण्याचा सोडा आणि अर्धा कप व्हिनेगर घालावे, झाकणाला सलाइनची नळी बसवावी आणि तिचे दुसरे टोक बादलीत उपड्या धरलेल्या, पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत सोडावे. नळीचे टोक कधीही बंद करू नये, अन्यथा बाटली फुटू शकते. पहिले बुडबुडे निव्वळ हवेचे असतात, ते जाऊ द्यावेत. बाटलीत एक तृतीयांश पाणी उरले, की ती पाण्याखालीच बूच लावून बाहेर काढावी आणि जोराने हलवावी. वायू पाण्यात विरघळतो आणि बाटलीच्या भिंती चर्रकन आत ओढल्या जातात! हेच सोडावॉटर, ज्याची कृती प्रीस्टलींनी १७७२ साली प्रसिद्ध केली. ते खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग टाळेल अशी त्यांची आशा मात्र फोल ठरली.

ऑक्सिजन मिळवण्याचा प्रीस्टलींचा मूळ प्रयोग घरी अजिबात करू नये. १ ऑगस्ट १७७४ रोजी त्यांनी पाऱ्याची तांबडी राख बारा इंची भिंगाने तापवली होती, आणि पाऱ्याची वाफ विषारी असते. त्याऐवजी उंच ग्लासात औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड घ्यावे, त्यात चिमूटभर यीस्ट टाकावे आणि ज्योत विझवलेली, टोकाशी निखारा असलेली उदबत्ती फेसाच्या वर धरावी. निखारा झळकतो. हातमोजे घालावेत आणि हे काम मोठ्यांनीच करावे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रीस्टलींनी पॅरिसमध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझियेंना या वायूविषयी सांगितले. पुढे लाव्हाझियेंनी त्यातून ज्वलनाची नवी उपपत्ती मांडली; प्रीस्टलींनी मात्र, जळताना वस्तूतून ‘फ्लोजिस्टन’ नावाचा एक पदार्थ बाहेर पडतो, ही जुनी कल्पना अखेरपर्यंत सोडली नाही. हा भाग आठवी-नववीच्या मुलांसाठी राखून ठेवावा. दोन बरण्यांमधला फरक आधी फ्लोजिस्टन धरून समजावून सांगा, असे त्यांना म्हणावे. ते सहज जमते, आणि मग वाद रंगतो.