मर्ल ओबेरॉनची कारकीर्द पडद्यावर कशी पाहावी

सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेली मर्ल ओबेरॉन १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत जन्मली आणि कोलकात्यात वाढली. स्टुडिओने मात्र जगाला सांगितलं की ती ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची. १९७९ मध्ये ती वारली तेव्हाही बहुतेकांना तेच खरं वाटत होतं. आशियाई वंशाची पहिली ऑस्कर-नामांकित अभिनेत्री म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं, पण ते मूळ तिने आयुष्यभर झाकून ठेवलं. या झाकण्यात मेकअप आणि दिवे यांचा मोठा वाटा होता. म्हणून तिचे चित्रपट कथेपुरते न पाहता तिच्या चेहऱ्यावर प्रकाश कसा टाकलाय ते बघत पाहावेत. त्यासाठी आधी प्रत चांगली लागते आणि टीव्ही नीट लावलेला लागतो.

१. आधी प्रत तपासा

तिच्या तीसच्या दशकातल्या अनेक चित्रपटांच्या फुकट प्रती इंटरनेटवर फिरतात. त्यांतल्या बऱ्याचशा जुन्या व्हिडिओ टेपवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे चेहऱ्यावरच्या राखाडी छटा विरघळून कपाळ आणि गाल एकच पांढरा डाग होऊन बसतात. मग दिव्यांची कामगिरी दिसणार कशी? दोन मिनिटं चालवून बघा. नाकाच्या बाजूची सावली आणि गालाचा उजेड वेगळे दिसत नसतील, तर ती प्रत सोडून द्या. पुनर्संचयित ब्लू-रे किंवा अधिकृत स्ट्रीमिंगची प्रत मिळाली तर तीच घ्या. कृष्णधवल चित्रपटाला संगणकाने रंग भरलेली आवृत्ती अजिबात नको. तिथे तिच्या त्वचेचा रंग कोणीतरी अंदाजाने ठरवलेला असतो, आणि या अभिनेत्रीच्या बाबतीत तर तोच मुद्दा आहे.

लांबीही तपासा. 'वुदरिंग हाइट्स' १०४ मिनिटांचा आहे. तुमच्या डीव्हीडीवर तो सुमारे १०० मिनिटांत संपत असेल तर लगेच कापलेला समजू नका. भारत-युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, म्हणून वेळ चार टक्क्यांनी घटतो आणि आवाज किंचित बारीक होतो. याहून जास्त फरक असेल तर मात्र कात्री लागली असण्याची शक्यता आहे.

२. टीव्हीची मांडणी

त्या काळातल्या चित्रपटांची चौकट जवळपास चौकोनी असते, रुंदी उंचीच्या १.३७ पट. डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे दिसलेच पाहिजेत. पट्टे नसतील तर एक तर चित्र ताणलंय, किंवा वरून-खालून कापून झूम केलंय. रिमोटवरून चौकटीचा पर्याय बदला. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय आणि नॉइज रिडक्शन दोन्ही बंद करा. नॉइज रिडक्शन फिल्मचे दाणे पुसताना त्वचेचा पोतही पुसून टाकतं. शार्पनेस अक्षरांच्या कडांभोवतीची पांढरी रेघ नाहीशी होईपर्यंत खाली आणा. कृष्णधवल चित्रात निळी किंवा हिरवी झाक दिसत असेल तर रंगाची पातळी सरळ शून्यावर न्या.

३. सुरुवात लंडनपासून

'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' (१९३३, ९७ मिनिटं) हा राजा झालेल्या चार्ल्स लॉटनचा चित्रपट, अभिनयाचं ऑस्करही त्यालाच मिळालं. मर्ल त्यात सुरुवातीची काही मिनिटंच आहे, शिरच्छेदासाठी तयार होणारी राणी अॅन बोलिन म्हणून. एवढ्याशा भूमिकेने ती लोकांच्या नजरेत भरली. चित्रपट तिच्यासाठीच पाहत असाल तर ही मिनिटं पाहून थांबलात तरी चालेल, पण लॉटनचा जेवणाचा प्रसंग बघायचा राहून जाईल. याचा दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा, ज्याच्याशी तिने १९३९ मध्ये लग्न केलं.

'द स्कार्लेट पिम्पर्नेल' (१९३४) नंतर पाहिला तरी चालतो.

४. गोल्डविनकडचे तीन, याच क्रमाने

इथे घाई करू नका. 'द डार्क एंजल' (१९३५), 'दीज थ्री' (१९३६) आणि 'वुदरिंग हाइट्स' (१९३९) हे तिन्ही निर्माता सॅम्युअल गोल्डविनचे आणि तिन्हींचं छायाचित्रण ग्रेग टोलँडचं. त्याआधी हॉलिवूडने तिला 'परदेशी मोहिनी' म्हणून सजवलं होतं. 'डार्क एंजल'मध्ये ती एकदम इंग्लिश खेड्यातली साधी मुलगी झाली, आणि नामांकन मिळालं ते याच भूमिकेला. पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला.

'दीज थ्री' (९३ मिनिटं) माझ्या मते तिचं सर्वांत संयत काम. मूळ नाटकात दोन शिक्षिकांच्या समलिंगी संबंधांची अफवा आहे. तेव्हाच्या सेन्सॉर संहितेमुळे ती बदलून एका पुरुषाभोवतीचा त्रिकोण झाली आणि नाटकाचं नावही वापरता आलं नाही. दिग्दर्शक विल्यम वायलरने १९६१ मध्ये तीच गोष्ट मूळ आशयासह पुन्हा केली, त्यात मर्लची भूमिका ऑड्री हेपबर्नकडे आहे. दोन्ही लागोपाठच्या दिवशी पाहिले तर संहितेने काय कापलं ते आपोआप कळतं.

'वुदरिंग हाइट्स'मध्ये दोन जागी थांबून पाहा. एक, स्वयंपाकघरात कॅथी (मर्ल) घर सांभाळणाऱ्या एलनपाशी मन मोकळं करते तो प्रसंग; विजेचा लखलखाट तिच्या चेहऱ्यावर नेमका कुठल्या शब्दाला पडतो ते बघा. दुसरा, मरणशय्येवरचा, जिथे टोलँडने कडा मऊ केल्या आहेत. टोलँडला या कामासाठी ऑस्कर मिळालं. चित्रपटाला एकूण आठ नामांकनं होती, मर्लला मात्र एकही नाही. यॉर्कशायरचं माळरान म्हणून जे दिसतं ते कॅलिफोर्नियातलं आहे. आणि शेवटची भुतांची चौकट वायलरला नको होती; गोल्डविनने ती बदली कलाकारांना घेऊन जोडली, तेव्हा त्या पाठमोऱ्या आकृतीत मर्ल शोधू नका. चित्रपट एमिली ब्राँटेच्या मूळ कादंबरीच्या साधारण पूर्वार्धावरच थांबतो, म्हणून कादंबरी वाचणाऱ्यांनी पुढची पिढी कुठे गेली असं विचारत बसू नये.

५. मध्येच एक अपुरा

१९३७ मध्ये लंडनला 'आय, क्लॉडियस'चं चित्रण सुरू असताना ती मोटार अपघातात जखमी झाली आणि तो चित्रपट तिथेच बंद पडला. बीबीसीने १९६५ मध्ये उरलेल्या रिळांवर माहितीपट केला, त्यात ती स्वतः बोलते. पुढचा टप्पा नीट समजायचा तर हा आधी पाहा.

६. रंगाची कसोटी

'द डिव्होर्स ऑफ लेडी एक्स' (१९३८, ९२ मिनिटं) हलकाफुलका आहे, सोबत लॉरेन्स ऑलिव्हिए. कथेत फार जीव नाही. पाहायचा तो टेक्निकलर या रंगपद्धतीसाठी, कारण गोऱ्या दाखवलेल्या चेहऱ्याचा रंग इथे लपत नाही, दाखवावा लागतो. याच्या जुन्या प्रती लालसर किंवा फिक्या पडलेल्या असतात. अशा प्रतीवरून त्वचेबद्दल निष्कर्ष काढाल तर चुकाल. आधी पांढरा कपडा किंवा कागद कसा दिसतो ते पाहा. तोच गुलाबी असेल तर दोष प्रतीचा.

७. 'ओबी' दिवा ओळखा

'द लॉजर' (१९४४, ८४ मिनिटं) पाहताना कॅमेरामन ल्युसियन बॅलर्डकडे लक्ष द्या. अपघाताच्या खुणा दिसू नयेत म्हणून त्याने कॅमेऱ्यालाच, भिंगाच्या अगदी जवळ, एक छोटा दिवा जोडला. मर्लच्या नावावरून त्याला 'ओबी' म्हणतात आणि ते नाव धंद्यात रुळलं. बाजूने आलेला उजेड त्वचेवरच्या प्रत्येक उंचवट्याची सावली पाडतो. भिंगाच्या रेषेतून आलेला उजेड त्या सावल्या भरून काढतो. क्लोज-अपमध्ये तिच्या डोळ्यांतला चमकता ठिपका शोधा. तो बुबुळाच्या मध्याजवळ असेल आणि नाकाची सावली जवळजवळ दिसत नसेल, तर हा दिवा लागलेला असण्याची शक्यता मोठी. मग त्याच प्रसंगात जॉर्ज सँडर्सचा चेहरा बघा, तुलना लगेच होते. १९४५ मध्ये तिने बॅलर्डशी लग्न केलं.

यानंतर 'बर्लिन एक्स्प्रेस' (१९४८, ८७ मिनिटं). युद्धाने पडलेलं खरं फ्रँकफर्ट आणि बर्लिन यात आहे. छायाचित्रण बॅलर्डचंच, पण इथे नजर तिच्यावरून ढिगाऱ्यांकडे जातेच.

८. शेवटचे

'देझिरे' (१९५४) सिनेमास्कोप या खूप रुंद चौकटीत आहे, तेव्हा आता काळे पट्टे वर-खाली दिसायला हवेत. त्यात ती जोसेफिन आहे, मार्लन ब्रँडो नेपोलियन. दुय्यम भूमिका, पण तिच्या वाट्याला आलेले प्रसंग ती शांतपणे सांभाळते. 'इंटरव्हल' (१९७३) तिने स्वतःच निर्माण केला. सहकलाकार रॉबर्ट वोल्डर्सशी पुढे लग्न केलं. बाकी सगळे पाहून झाले असतील तरच तो घ्या, आधी पाहिलात तर तिच्याबद्दल चुकीचं मत होईल.