बाथरूममधला गुलाबी थर

मगाच्या तळाशी, नळाच्या तोंडाला किंवा फरशांच्या सांध्यांत बुळबुळीत गुलाबी थर दिसला, तर तो क्षारांचा डाग समजू नका. बहुधा ते सेराशिया मार्सेसेन्स नावाचे जिवाणू असतात. १८१९ मध्ये इटलीत पादुआजवळ मक्याची लापशी लालभडक झाली होती, ती यांच्यामुळेच!

ओल आणि साबण-शॅम्पूचा राहिलेला अंश, एवढ्यावर यांचं भागतं. त्यामुळे नुसतं पाणी मारून काही होत नाही. आधी ब्रशने थर खरवडून काढा, मग पाण्यात पातळ केलेलं ब्लीच लावून १० मिनिटं तसंच राहू द्या आणि धुऊन टाका. न घासता वरून ब्लीच ओतणं म्हणजे ब्लीच वाया घालवणं. खिडकी उघडी, हातात मोजे. ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर त्यात अजिबात मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

धडधाकट माणसाला सहसा त्रास होत नाही. पण कॉन्टॅक्ट लेन्सची डबी बेसिनपाशी ठेवत असाल तर ती आधी हलवा, डोळ्यांना संसर्ग होऊ शकतो.

आंघोळ झाली की बादली-मग पालथे घाला आणि फरशीवर वायपर फिरवा. जागा कोरडी राहिली की थर लवकर धरत नाही.